एक झाड, सहा वाटा

हिरवा चहा, पांढरा चहा, काळा चहा, उलाँग, माचा ही सगळी नावं आता मोठ्या किराणा दुकानांत एकाच फळीवर दिसतात. पाकिटांच्या किमतींत दहा-वीस पटींचा फरक असतो. त्यामुळे या वेगवेगळ्या वनस्पती असाव्यात असं गिऱ्हाइकाला वाटलं तर नवल नाही. प्रत्यक्षात हे सगळे चहा एकाच झाडाचे. वनस्पतिशास्त्रात त्याचं नाव कॅमेलिया सायनेन्सिस. त्याचे मुख्य प्रकार दोन आहेत : थंडी सोसणारा, बारीक पानांचा चिनी, आणि उष्ण दमट हवेत वाढणारा, मोठ्या पानांचा आसामी. जगभरच्या कपांतला चहा या दोहोंपैकी एकाचा किंवा त्यांच्या संकराचा असतो.

मग चवी इतक्या वेगळ्या का? जमीन, उंची आणि हवामान यांचा त्यात वाटा आहे, तोडणीच्या महिन्याचाही आहे. पण सगळ्यांत मोठा वाटा पान तोडल्यानंतरच्या काही तासांत माणूस त्याचं काय करतो याचा. आणि माणूस काय करतो, हे बहुतेक वेळा पिणाऱ्याच्या सवयीवर ठरत आलं आहे. चहाच्या प्रकारांकडे या बाजूनं पाहिलं की उच्च चहा आणि हलका चहा या उतरंडीतला बराचसा डौल गळून पडतो.

पान तोडल्यानंतर

चांगल्या चहासाठी दोन पानं आणि एक कळी खुडतात. या कोवळ्या पानांत कॅटेचिन नावाची तुरट द्रव्यं असतात, कडवटपणा आणि तरतरी देणारं कॅफीन असतं, आणि जिभेवर गोडसर, भरीव चव रेंगाळवणारं थियानिन असतं. पान चुरगळलं की त्यातलं एक विकर हवेच्या साथीनं कॅटेचिनवर काम सुरू करतं. चिरून ठेवलेलं वांगं काळं पडतं ते याच क्रियेनं. चहात तिच्यामुळे हिरवा रंग जाऊन तांबूस-तपकिरी येतो, तुरटपणाचा पोत बदलतो, आणि गवताच्या वासाजागी फुलं, फळं, मध, माल्ट असे वास उमटतात. या क्रियेला ऑक्सिडीकरण म्हणतात. चहाचा कारागीर मुख्यतः ती किती होऊ द्यायची आणि कुठं थांबवायची हे ठरवत असतो.

पान तोडल्याबरोबर उष्णता देऊन विकर मारलं की हिरवा चहा होतो. नुसतं सावकाश कोमेजू देऊन वाळवलं की पांढरा. हिरव्यासारखं तापवून मग ओलसर, कोमट अवस्थेत गुंडाळून ठेवलं की पिवळा. अर्ध्या वाटेवर थांबवलं की उलाँग, पुरती वाट चालू दिली की काळा. सहावी वाट आणखी निराळी. तिच्यात विकर आधीच थोपवलेलं असतं आणि पुढचं काम सूक्ष्मजीव करतात. त्या वर्गात पु-अर येतो, आणि खऱ्या अर्थानं आंबवलेला चहा याच वर्गातला.

चीन : सहाही वाटांचं घर

या सहाही पद्धती चीनमध्ये घडल्या आणि आजही तिथं जिवंत आहेत. आठव्या शतकात लु यू यानं चहावरचा पहिला मोठा ग्रंथ लिहिला तेव्हा चहा विटांसारखा दाबून ठेवत आणि कुटून उकळत. पुढं सोंग काळात पुडीचा चहा वाडग्यात घुसळून पिण्याची रीत आली. 1391 मध्ये मिंग घराण्याच्या पहिल्या सम्राटानं दरबारी नजराण्यातल्या दाबीव चहाच्या वड्या बंद केल्या आणि सुट्या पानांचा चहा मागवायला सुरुवात केली. पान गरम पाण्यात भिजवून पिण्याची आजची पद्धत त्यानंतर सर्वत्र रुजली. पान अख्खं दिसू लागलं, तेव्हा त्याचा आकार, रंग आणि वास यांकडेही बारकाईनं पाहिलं जाऊ लागलं.

चिनी हिरव्या चहांत सगळ्यांत नावाजलेला लाँगजिंग. हांगझोऊच्या पश्चिम सरोवराभोवतालच्या टेकड्यांवर तो होतो. पान तापलेल्या कढईत हातानं दाबून-दाबून परततात, म्हणून ते चपटं आणि गुळगुळीत दिसतं. त्याला भाजलेल्या चेस्टनटचा खमंग वास येतो. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातल्या छिंगमिंग सणाआधी खुडलेल्या लाँगजिंगला सर्वाधिक भाव मिळतो, कारण थंडीत सावकाश वाढलेल्या त्या कोंबांत थियानिन भरपूर आणि तुरटपणा कमी असतो. पाऊस सुरू झाल्यावर त्याच झुडपाचं पान भराभर वाढतं आणि भाव उतरतो.

फुजियान प्रांताचा वाटा तर थक्क करणारा आहे. तिथल्या फुदिंग आणि झेंगहे भागांत पांढरा चहा होतो. त्यातला चांदीच्या सुईसारखा दिसणारा यिनझेन निव्वळ कळ्यांचा असतो, कळ्यांवर पांढरी लव असते, आणि कपात हलका, काकडीच्या किंवा ताज्या गवताच्या वळणाचा गोडवा येतो. त्याच प्रांताच्या दक्षिणेला आन्शीचा तिएगुआनयिन हा उलाँग होतो. त्याची पानं गोळीसारखी वळलेली असतात आणि पाण्यात हळूहळू उलगडतात. कमी ऑक्सिडीकरण झालेल्या तिएगुआनयिनला ऑर्किडसारखा फुलांचा वास येतो, तर निखाऱ्यावर भाजलेल्याला कारमेलचा.

उत्तरेकडं वुयी पर्वतात खडकांच्या कपारींत वाढणाऱ्या झुडपांचे उलाँग मिळतात. त्यांतला दा हाँग पाओ सर्वांत प्रसिद्ध. त्याची मूळ मानली जाणारी सहा झुडपं एका कड्यावर आहेत आणि 2006 पासून त्यांची तोडणी बंद आहे. बाजारात दा हाँग पाओ म्हणून येतो तो त्यांच्या कलमांपासूनचा किंवा वुयीतल्या निरनिराळ्या चहांच्या मिश्रणाचा. याच पर्वतातल्या तोंगमू गावी काळ्या चहाचा उगम मानतात. तिथला लॅपसांग सूशाँग पाइनच्या लाकडाच्या धुरावर वाळवतात. पहिल्या घोटात धुरी दिल्यासारखा वास येतो. काहींना तो एकदाच पुरतो, काहींना त्याविना चैन पडत नाही. आन्हुई प्रांतातला कीमुन हा त्यामानानं सौम्य काळा चहा. त्यात गुलाबाची आणि कोकोची छटा सापडते.

पिवळा चहा आता फार थोड्या ठिकाणी होतो. हुनान प्रांतातल्या दोंगतिंग सरोवरातल्या बेटावरचा जुनशान यिनझेन त्यातला मुख्य. कापडात किंवा कागदात गुंडाळून ठेवण्याच्या पायरीमुळे हिरव्या चहातला कच्चेपणा निघून जातो. पण ही पायरी वेळखाऊ आहे आणि चुकली तर माल वाया जातो.

युनानचा पु-अर या सगळ्यांत आडदांड. मोठ्या पानांच्या झाडांचा हा चहा दाबून त्याच्या चकत्या करतात. रूढ चकती 357 ग्रॅमची असते आणि सात चकत्यांचा एक गठ्ठा बांधतात. कच्चा पु-अर वर्षानुवर्षं ठेवून मुरवतात. तरुणपणी तो कडवट असतो, मुरल्यावर त्याला कापूर, सुकामेवा, जुनं लाकूड यांच्या छटा येतात. मागणी वाढली आणि मुरायला वीस वर्षं थांबणं परवडेना, तेव्हा 1970 च्या दशकात ओल्या ढिगात पानं तापवून काही आठवड्यांत मुरवण्याची पद्धत निघाली. तो पिकवलेला पु-अर गडद, मऊ आणि पावसाळी मातीच्या वासाचा. पूर्वी खेचरांच्या तांड्यांवरून युनानचा दाबीव चहा तिबेटात जाई आणि तिथं लोणी-मीठ घालून घुसळला जाई. भाजीपाला विरळ असलेल्या त्या पठारावर चहा ही चैन नव्हती, रोजची गरज होती.

चीनच्या समोरच्या तैवाननं उलाँगमध्ये स्वतःची शाखा उभी केली. दोंगदिंग आणि आलिशानचे उंचावरचे उलाँग लोण्यासारखे गुळगुळीत लागतात. पण तिथला सर्वांत नवलाचा चहा म्हणजे ओरिएंटल ब्यूटी. उन्हाळ्यात हिरवे तुडतुडे कोवळ्या पानांचा रस शोषतात. झाड बचावासाठी काही सुगंधी द्रव्यं तयार करतं आणि त्यांतून कपात मध आणि पिकल्या फळांचा वास उतरतो. कीड हवी म्हणून तिथला शेतकरी फवारणी टाळतो. हे तुडतुडे पुढं दार्जिलिंगमध्ये पुन्हा भेटतील.

जपान : वाफ आणि सावली

1191 मध्ये एइसाई हा झेन भिक्षू चीनहून चहाचं बी घेऊन जपानला परतला. त्या वेळी चीनमध्ये पुडी घुसळून पिण्याची रीत होती. चीननं ती पुढं सोडली, जपाननं धरून ठेवली. आज जगभर कॅफेंत विकला जाणारा माचा हा सोंग काळातल्या त्या रिवाजाचा वारस आहे. सोळाव्या शतकात सेन नो रिक्यू यानं साध्या, खडबडीत वाडग्याभोवती चहाविधीला जे रूप दिलं, तेच आजही प्रमाण मानलं जातं.

जपानी चवीच्या मुळाशी दोन गोष्टी आहेत. पहिली वाफ. चीनमध्ये विकर थोपवायला पान कढईत परततात, जपानमध्ये बहुतेक ठिकाणी वाफवतात. 1738 च्या सुमारास उजीजवळच्या नागातानी सोएन यानं वाफवून, वळून, वाळवण्याची पद्धत बसवली आणि सेंचा घडला. वाफवल्यामुळे रंग गडद हिरवा राहतो आणि समुद्री शेवाळाची, पालेभाजीची चव येते. भाजका वास अपेक्षून पिणाऱ्याला ती सुरुवातीला चमत्कारिक वाटते.

दुसरी गोष्ट सावली. उन्हात थियानिनचं रूपांतर तुरट कॅटेचिनमध्ये होत जातं. तोडणीआधी सुमारे तीन आठवडे मळा झाकला की ते थांबतं, पान अधिक हिरवं होतं आणि चवीत भरीव गोडवा साठतो. अशा सावलीतल्या पानांचा ग्योकुरो करतात, आणि शिरा-देठ काढून दगडी जात्यावर दळलं की माचा. हे जातं सावकाश फिरवावं लागतं, नाहीतर पूड तापून वास उडतो. म्हणून अस्सल माचा स्वस्त मिळत नाही. आइस्क्रीम आणि केकमध्ये जातो तो बहुधा खालच्या प्रतीचा असतो. दूध-साखरेत बारीक छटा तशाही हरवणार, तेव्हा त्यात फसवणूक नाही. मात्र तोच माल विधीच्या दर्जाचा म्हणून विकला तर ती फसवणूक आहे. जपानी लोक रोजच्या जेवणाबरोबर साधा सेंचा, खमंग भाजलेला होजिचा किंवा भाजक्या तांदळाचा गेन्माइचा पितात.

अफू, आसाम आणि दार्जिलिंग

अठराव्या शतकापासून इंग्लंडला चहाचं वेड लागलं आणि तो चहा फक्त चीनकडून मिळे. चीनला बदल्यात चांदी हवी होती. चहापायी होणारी चांदीची तूट भरून काढण्यासाठी भारतातून अफू पाठवली गेली. माळव्याची अफू मुंबई बंदरातून कँटनला जाई आणि त्या व्यापारात मुंबईच्या अनेक पेढ्या मोठ्या झाल्या. जमशेटजी जीजीभॉय यांच्या संपत्तीचा मोठा भाग या चीन-व्यापारातून आला. ज्या मुंबईला तेव्हा चहाची सवय नव्हती, तिच्या इमारतींत आणि इस्पितळांत चहाच्या व्यापाराचा पैसा आहे.

1833 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीची चीन-व्यापारातली मक्तेदारी संपली आणि भारतात चहा पिकवण्याची निकड वाढली. त्याआधीच, 1823 मध्ये, रॉबर्ट ब्रूसला आसामात सिंगफो जमातीचा प्रमुख बिसा गाम याच्याकडून तिथल्या चहाच्या झाडांची माहिती मिळाली होती. मणिराम दिवाण या आसामी सरदाराचा त्यात मोठा हात होता. सिंगफो लोक आपल्या पद्धतीनं चहा पीतच होते. भाजलेलं पान बांबूच्या नळीत ठासून ते धुरावर टांगत. कंपनीचा मात्र प्रथम या रानटी झाडावर विश्वास बसला नाही. चीनहून बी आणि कारागीर आणवले गेले, पण ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यात टिकलं ते स्थानिक झाड. 1839 च्या जानेवारीत आसामच्या चहाच्या आठ पेट्या लंडनमध्ये लिलावात विकल्या गेल्या. स्वतःचे मळे उभारणाऱ्या मणिराम दिवाणांना 1858 मध्ये इंग्रजांनी फाशी दिलं. मळ्यांवर राबायला छोटानागपूर, ओडिशा आणि आंध्रकडून मजूर करारानं बांधून आणले गेले. त्यांचे वंशज आजही आसामच्या मळ्यांवर आहेत आणि रोजंदारीचा प्रश्न अजून पेटता आहे.

सखल जमीन, धो-धो पाऊस आणि उष्मा यांमुळे आसामचं पान रसरशीत आणि जाड. कोऱ्या कपात लालबुंद रंग, माल्टसारखा गोडसर भरीवपणा आणि जिभेला झटका देणारा करकरीतपणा उतरतो. मे-जूनच्या दुसऱ्या बहराचं, सोनेरी कळ्या असलेलं लांब पान सर्वोत्तम मानतात. चांगला आसाम निवला की गढुळतो. तो बिघडल्याचं लक्षण नाही, उलट त्यातला सत्त्वांश दाट असल्याची ती खूण आहे. मनोहारी गोल्ड या आसामी चहाच्या एका किलोला डिसेंबर 2021 मध्ये गुवाहाटीच्या लिलावात 99,999 रुपये भाव मिळाला. पण असा भाव एक-दोन किलोंना मिळतो. मळ्याचं पोट भरतं ते शेकड्यांत विकल्या जाणाऱ्या मालावर.

दार्जिलिंगची गोष्ट उलटी. डॉ. आर्चिबाल्ड कॅम्बेल यांनी 1841 मध्ये तिथं चहाचं बी लावलं. थंड हवेत चिनी झाड रुजलं. उतार तीव्र, माती पाणी न धरणारी, धुकं कायम. पान सावकाश वाढतं आणि वास दाटतो. फळबागवाल्यांना आंबिया बहर आणि मृग बहर यांतला फरक सांगावा लागत नाही. दार्जिलिंगचे बहरही तसेच स्वतंत्र आहेत. मार्च-एप्रिलच्या पहिल्या बहराचा चहा पोपटी-सोनेरी, फुलांच्या वासाचा आणि किंचित करकरीत. मे-जूनच्या दुसऱ्या बहरावर तुडतुडे येतात आणि मस्कट द्राक्षांचा तो प्रसिद्ध वास तयार होतो. पावसाळी तोडणी साधी. शरदातली तांबूस, गोलसर चवीची आणि किमतीनंही बेताची.

भौगोलिक मानांकन मिळवणारं भारतातलं पहिलं उत्पादन म्हणजे दार्जिलिंग चहा. नोंदणीकृत मळे 87. पण झुडपं म्हातारी झाली आहेत, पाऊस बेभरवशाचा झाला आहे आणि मजूर डोंगर सोडून जात आहेत. स्वतंत्र राज्यासाठीच्या 2017 च्या आंदोलनात शंभरहून अधिक दिवस बंद पाळला गेला आणि दुसरा बहर हातचा गेला. त्यानंतर हे क्षेत्र पुरतं सावरलेलं नाही. कधी काळी कोटी किलोंच्या पुढं असलेलं उत्पादन आता 70 लाख किलोंच्याही खाली आहे. सीमेपलीकडे नेपाळच्या इलाममध्ये जवळजवळ तशीच माती, तशीच उंची आणि नवी झुडपं आहेत. तिथला चहा दार्जिलिंगच्या नावानं विकला जातो ही मळेवाल्यांची तक्रार रास्त आहे. मात्र इलामचा चहा स्वतःच्या नावानं घेतला तर तो उत्तम असतो, हेही तितकंच खरं.

निलगिरी, कांगडा, सिलोन, केनिया

निलगिरीत वर्षभर तोडणी चालते. चहा स्वच्छ, सुवासिक आणि फारसा तुरट नसलेला. थंड केल्यावर तो गढुळत नाही, म्हणून बर्फाच्या चहासाठी त्याला मागणी असते. डिसेंबर-जानेवारीच्या दहिवरात खुडलेल्या पानाचा चहा तिथला सर्वांत सुगंधी. हिमाचलातल्या कांगड्याची कहाणी मात्र दुःखद आहे. 1849 पासून तिथं चिनी जातीचा चहा लावला गेला आणि त्याला चांगलं नाव मिळालं. 1905 च्या भूकंपानं मळे आणि कारखाने उद्ध्वस्त केले, आणि बरेच मालक निघून गेले. आता तो पुन्हा मिळू लागला आहे. हलका, फिकट सोनेरी कांगडा दार्जिलिंगच्या तुलनेत स्वस्तही पडतो.

श्रीलंकेत आधी कॉफी होती. 1869 मध्ये तिच्यावर तांबेरा दिसला आणि पुढच्या काही वर्षांत कॉफीचे मळे संपले. जेम्स टेलरनं 1867 मध्ये लुलेकोंडेरा इथं चहा लावून ठेवला होता, तो मार्ग मग सर्वांनी धरला. तिथं चहाची वर्गवारी उंचीवरून होते. न्यूवारा एलियाचा उंचावरचा चहा नाजूक, तर सखल भागातला गडद आणि जड. ऊवा भागात जुलै ते सप्टेंबरमध्ये कोरडे वारे सुटतात आणि त्या काळातल्या चहात पुदिन्यासारखी थंड छटा येते. केनियात चहा 1903 मध्ये पोहोचला. विषुववृत्तामुळे तिथं बारमाही तोडणी होते, माल लालभडक आणि करकरीत, बहुतेक सारा दाणेदार. काळ्या चहाच्या निर्यातीत केनिया आता जगात अग्रभागी आहे. इंग्लंडमधल्या टी-बॅगांत नाव कुणाचंही असो, आत बरंचसं केनिया असतं.

ममरीचं राज्य

आता आपल्या कपाकडं. भारतात वर्षाला सुमारे 13 ते 14 लाख टन चहा होतो, त्यातला निम्मा आसामचा. एकूण उत्पादनाचा चार-पंचमांशाहून अधिक भाग सीटीसी पद्धतीचा असतो, ज्याला आपल्याकडे दुकानदार ममरी म्हणतो. 1930 च्या सुमारास आसामच्या अमगुरी मळ्यावर विल्यम मॅकर्चर यानं दातेरी रुळांचं यंत्र वापरात आणलं. दोन रूळ वेगवेगळ्या गतीनं फिरतात, त्यांच्यामध्ये पान चिरडलं, फाडलं आणि वळलं जातं, आणि बारीक दाणे पडतात. पेशी जवळजवळ सगळ्या फुटल्यामुळे ऑक्सिडीकरण झपाट्यानं होतं. फुलांच्या नाजूक वासाचा यात बळी जातो. बदल्यात मिळतो झटकन उतरणारा रंग, जोर आणि एका किलोत कितीतरी जास्त कप.

हे यंत्र भारतात इतकं का रुजलं, याचं उत्तर दुधात आहे. दुधातलं केसीन चहाच्या तुरट द्रव्यांना बांधून टाकतं. पहिल्या बहराचा दार्जिलिंग दुधात पार विरून जातो. दूध, साखर, आलं आणि उकळी एवढ्या सगळ्यांना पुरून उरेल असा जोर फक्त दाणेदार चहात असतो. म्हणजे ममरी ही चांगल्या चहाची बिघडलेली आवृत्ती नाही. ती दुधाच्या चहासाठी घडवलेली वस्तू आहे, आणि त्या कामी लाँगजिंग कुचकामी ठरेल.

ही सवयही पुरातन नाही. 1903 मध्ये चहावर उपकर बसवून त्या पैशातून प्रचार सुरू झाला. पहिल्या महायुद्धाच्या काळात गिरण्या, कारखाने आणि खाणी यांमध्ये चहाच्या टपऱ्या उघडून दिल्या गेल्या, रेल्वे फलाटांवर विक्रेते उभे राहिले, घरोघरी चहा करून दाखवणारी पथकं फिरली. प्रचारकांना विलायती पद्धतीचा, बेताच्या दुधाचा चहा अपेक्षित होता. विक्रेत्यांनी दूध-साखर वाढवली, मसाला घातला आणि पूड वाचवली. प्रचारकांनी नाकं मुरडली, पण लोकांना तोच आवडला. ज्या देशात चहा केवळ निर्यातीसाठी लावला गेला, तो देश आज आपल्या चहाचा सुमारे चार-पंचमांश भाग स्वतःच पितो.

महाराष्ट्रात चहाची लागवड नावापुरतीही नाही, पण पिण्याच्या परंपरा भक्कम आहेत. मुंबई-पुण्यातल्या इराणी हॉटेलांनी ब्रून-मस्क्याबरोबरचा गोड, दाट चहा दिला. राजस्थानातून आलेल्या कुटुंबांनी पुण्यात अमृततुल्य उभी केली. पितळी पातेल्यात दूध, साखर आणि चहा एकत्र उकळून वर वेलची-सुंठीची पूड आणि शेवटी फडक्यातून गाळणं, ही त्यांची खूण. आता त्या नावाच्या साखळ्या गावोगावी दिसतात. चहात साखर आणि दूध पावडर वाढत चालली आहे आणि चहापत्ती मागं पडते आहे. बासुंदी चहाच्या नावाखाली पाजलं जातं ते गरम गोड दूध. जो जोर ममरीत मुद्दाम घडवला, तोच असा बुजवला तर चांगली पत्ती वापरण्याला अर्थ उरत नाही.

सुवास लावलेले चहा, आणि चहा नसलेले चहा

चहाचं वाळलं पान भोवतालचा कुठलाही वास ओढून घेतं. म्हणूनच ते मसाल्याच्या डब्याशेजारी ठेवू नये. चीनमधल्या फूचौमध्ये या दोषाचा गुण केला गेला. रात्री उमलणाऱ्या मोगऱ्याच्या कळ्या हिरव्या चहात थरांनी मिसळतात, सकाळी चाळून काढतात आणि नव्या कळ्यांनी हेच अनेक रात्री करतात. चांगल्या मोगरा-चहात फूल बहुधा दिसत नाही, फक्त जाणवतं. अर्ल ग्रेमध्ये बर्गामॉट नावाच्या आंबट फळाच्या सालीचं तेल असतं. मोरोक्कोत चीनचा गोळीदार हिरवा चहा, ताजा पुदिना आणि भरपूर साखर. काश्मिरी काहव्यात हिरव्या चहाला केशर, वेलची, दालचिनी आणि बदामाची जोड. नून चायमध्ये हिरवं पान सोडा घालून फार वेळ उकळतात, वर-खाली ओतून हवा देतात आणि दूध घालताच गुलाबी रंग येतो.

आपल्या परसातला गवती चहा या झाडाचा कुणी लागत नाही, ते सुगंधी गवत आहे. कॅमोमाइल, जास्वंद, दक्षिण आफ्रिकेचं रॉइबॉस हेही चहा नाहीत, ते काढे आहेत. त्यांत कॅफीन नसतं, म्हणून रात्री उपयोगी. पण चहापत्तीबरोबर उकळलेली गवती चहाची दोन पाती हा मराठी घरांचा स्वतःचा सुवासिक चहा आहे आणि त्याला बर्गामॉटपुढं संकोचायचं कारण नाही.

घेताना, करताना

पाकिटावर मोठ्या अक्षरांत ग्रीन टी आणि वजन घटण्याचं आश्वासन असेल, पण मळा, प्रदेश आणि तोडणीचा काळ नसेल, तर आत बहुधा उरलेला चुरा आहे असं धरून चालावं. हिरवा चहा आणि पहिल्या बहराचा दार्जिलिंग वर्षाच्या आत संपवावा. पु-अर तेवढा जुना चालतो. दार्जिलिंग घेताना मानांकनाचं, पानं धरलेल्या स्त्रीचं चिन्ह पाहावं.

हिरव्या चहाबद्दलची आपल्याकडची नावड पुष्कळदा करण्याच्या चुकीतून येते. उकळत्या पाण्यात तो कडू होणारच. त्याला 70 ते 80 अंशांचं पाणी आणि दोन मिनिटं पुरतात, ग्योकुरोला 50 ते 60 अंश. पहिल्या बहराच्या दार्जिलिंगला उकळी बसल्यानंतरचं पाणी आणि तीन मिनिटं. लांब पानाच्या आसामला खळखळतं पाणी आणि चार-पाच मिनिटं, हवं तर थोडं दूध. उलाँग आणि पु-अर त्याच पानांवर चार-पाच वेळा पाणी घेतात, त्यामुळे त्यांची किंमत दिसते तितकी जड पडत नाही. आणि ममरीला भरपूर उकळी, पण दुधाआधी पाण्यात, म्हणजे रंगाबरोबर चवही उतरते.

दुधाचा चहा गावंढळ आणि कोरा चहा सुसंस्कृत, हा समज टाकून द्यायला हवा. तसंच हिरवं पाणी काय प्यायचं, हाही. प्रत्येक चहा कुणाच्या तरी सवयीसाठी घडला आहे आणि त्याच रीतीनं केला तर तो उत्तम लागतो. एवढं मात्र वाईट वाटतं की आसाम आणि दार्जिलिंगचं सर्वोत्तम लांब पान पिकवणाऱ्या देशात बहुतेकांनी ते कधी चाखलेलं नसतं. सकाळचा आल्याचा चहा सोडू नका. पण महिन्याच्या किराण्यात एकदा शंभर ग्रॅम दुसऱ्या बहराचा आसाम किंवा कांगडा घ्या, आणि पहिला कप दूध-साखरेविना प्या.